चोविसावं लेकरू

त्या आठ वर्षांतून वृषालीला काय मिळायचं होतं, ते आधी मांडून ठेवू. नागपूरच्या संस्थेत पक्की नोकरी. सौंसर सुटणं, म्हणजे बसस्टँडमागच्या त्या दोन खोल्या सुटणं, जिथे जिनिंग-गिरणीचा कापूस खिडकीतून उडत येऊन वरणात पडायचा. आणि अश्विनीला, तिच्या एकुलत्या एक पोरीला, नागपूरची शाळा. कोणी विचारलं असतं तर वृषालीने तिसरी गोष्ट पहिली सांगितली असती. आपल्याला हवं असतं ते लेकराच्या नावावर टाकलं, की मागताना मान खाली जात नाही.

बदल्यात द्यायचं होतं ते थोडंच दिसत होतं. संस्थेचा अभ्यास साधा होता. पहिलीतली तीस मुलं धरायची आणि आठवीपर्यंत सोडायची नाहीत. दर साली नोव्हेंबरचा तोच आठवडा, तीच मुलं, तेच प्रश्न. वाचून घ्यायचं, गणितं सोडवून घ्यायची, उंची मोजायची, आणि सगळ्यात शेवटी विचारायचं, पुढच्या वर्षी तू कुठे असशील? मूल सापडेनासं झालं की त्याला 'गळती' म्हणायचं. तिसाचे चोवीस झाले तर चालतील. तेवीस झाले की गाव अभ्यासातून बाद, आणि गावाबरोबर गावाची कार्यकर्तीही. पांढुर्ण्याच्या प्रशिक्षणात हे तीनदा सांगितलं गेलं, आणि तिन्ही वेळा चहाच्या आधी, म्हणजे ते महत्त्वाचं होतं.

तिच्या वाट्याला आलं खैरवाडा, बोरगावच्या पुढे. एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला कापूस, मधे तीन खोल्यांची शाळा. पहिल्या साली तिने मधल्या खोलीच्या भिंतीवर सेंटिमीटरची उभी पट्टी रंगवून घेतली. मूल पट्टीला पाठ लावून उभं राहायचं, ती डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि निळ्या पेन्सिलीने रेघ मारायची. रेघेपाशी नाव आणि साल. मग मुलाला एक कंपासपेटी. घरी आल्यावर तीच पेन्सिल दाराच्या चौकटीवर चालायची. अश्विनीही पहिलीतच होती, आणि आईने फक्त दुसऱ्यांची पोरं मोजावीत हे तिला मंजूर नव्हतं. तिथे नाव लिहायची गरज नव्हती. नुसती रेघ आणि साल.

नवरा, वैभव, पांढुर्ण्याहून दिल्लीला संत्र्याचा ट्रक न्यायचा. पंधरवड्यातून दोन दिवस घरी. रोज संध्याकाळी फोन करायचा आणि बायकोने हॅलो म्हणायच्या आत विचारायचा, "पोट्टी काय करून राहिली?"

दोन सालं नीट गेली. तिसऱ्या साली, म्हणजे २०१९ला, वृषालीने गावात पाय ठेवला तेव्हा सहा मुलं आधीच गळालेली होती. कोणी मामाकडे, कोणी लोधीखेड्याला मोठ्या शाळेत. आणि गळालेली सातवी करुणा.

करुणाची आजी, शांताबाई, अंगणात कापसातली कवडी, म्हणजे खराब बोंडं, निवडत बसली होती.

"करुणा कुठे आहे, आजी?"

"गेली न बाप्पा. आमचा शालिकराम मायलेकीइले घेऊन गेला. पोळा झाला अन् गेले."

"कुठं?"

"सुरतेकडं म्हणे. सुरतेच्या बी पुढं. तिथं गावाले काय नाव असते का? काम असते." शांताबाईने हातातलं बोंड बाजूला टाकलं. "पोट्टी जायले तयार नव्हती. ह्या खांबाले दोन्ही हातानं धरून बसली होती. म्हणे, मॅडम मोजाले येईन अन् मी नसन त? बोटं सोडवा लागली एक-एक."

वृषालीने फोनचा नंबर लिहून घेतला. तो लागत नव्हता. कोणाला सुरतेकडे धाडून चौकशी करावी, असं तिच्या मनात आलं का? आलं. पण त्याच मनात तेवीस हा आकडाही होता, आणि आकडा आधी आला.

संध्याकाळी तिने अश्विनीला चुलीपाशी पाटावर बसवलं आणि करुणाचा पेपर तिच्यापुढे ठेवला. लेकराच्या अक्षराला लेकराचाच हात लागतो, तेवढं तिला कळत होतं. उंचीही तिने मनाने लिहिली नाही. चौकटीवर अश्विनीला मोजली आणि तो आकडा करुणाच्या नावापुढे टाकला. यात तिला एक प्रकारची सचोटीच वाटली. आकडा खरा होता, फक्त नाव दुसरं होतं.

"मग मी आता करुणा?" अश्विनीने विचारलं.

"एवढ्यापुरती."

"आणि कंपास?"

"तो तुझाच."

"पुढच्या वर्षी तू कुठे असशील?" वृषालीने फॉर्ममधून वाचलं.

"नागपूरला," अश्विनी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

अशा कामाचा एकच दोष. एकदा केलं की दुसऱ्यांदा करावंच लागतं. संस्थेच्या टॅबलेटमध्ये मागचं पान उघडत नसे, आणि मागच्या सालापेक्षा कमी उंची तो घेत नसे. करुणाला एकदा वाढवली म्हटल्यावर ती दर साली वाढवत नेणं भाग होतं.

चौथ्या साली शाळा बंद. सगळ्या मुलांना फोनवरून विचारायचं ठरलं. नंबर टॅबलेटमधूनच लावावा लागे, किती मिनिटं बोलणं झालं त्याची नोंद आपोआप होई. वृषालीने करुणाचा नंबर लावला तो नुसती नोंद व्हावी म्हणून. वर्षभर तो मेलेला होता.

दुसऱ्या घंटीला कोणीतरी उचलला.

मागे वारा असावा तसा आवाज, आणि श्वास. वृषालीच्या तोंडून सवयीने पहिला प्रश्न गेला. लहान मुलीच्या आवाजात उत्तर आलं. दुसरा प्रश्न, दुसरं उत्तर. समोर अश्विनी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचं डोकं खाली होतं, ओठ हलत होते. पाचव्या प्रश्नाला वृषालीच्या लक्षात आलं की ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

"पुढच्या वर्षी तू कुठे असशील?"

"घरीच," फोनवरची मुलगी म्हणाली.

वृषालीने फोन ठेवला. तेरा मिनिटांची नोंद झाली होती. एकट्या पोरीला आईची कामं ऐकून ऐकून पाठ होतात, असं तिने स्वतःला सांगितलं. मग शेंगांचं टरफल उचलताना विचारलं, "काय पुटपुटत होतीस?"

"मी? काईच नाई." अश्विनी घरात असं बोलत नसे. तिची शाळा इंग्रजी होती आणि घरी वृषालीने शुद्ध मराठीचा दंडक ठेवला होता.

पाचव्या साली शाळा उघडली. वृषाली पट्टीपाशी उभी राहिली, गेल्या रेघा पुसट झाल्यात का ते पाहायला. करुणाच्या तीन रेघा होत्या. २०१७ आणि २०१८ तिने स्वतः मारल्या होत्या. २०१९ची रेघ एकशे चोवीसवर होती, निळ्या पेन्सिलीची, तिच्याच अक्षरात.

"गुरुजी, ही रेघ कोणी मारली?"

भगवंतराव गुरुजी चष्मा कपाळावर चढवून भिंतीपाशी आले. "तुमीच मारली असान न मॅडम. तुमच्याशिवाय हिले हात लावायची कोनाची टाप हाय इथं? मी त चुना बी मारू दिला नाई."

घरी पोचेपर्यंत तिने बसमध्ये दोनदा मनाशी उजळणी केली. चौकटीवर किती रेघा आहेत? तीन. चौथ्या साली मोजमाप नव्हतं. तीनच असणार.

दोन होत्या. २०१७ आणि २०१८. त्यांच्या वर लाकूड कोरं होतं. पुसल्याची खूणसुद्धा नव्हती.

तिने त्याच पेन्सिलीने नवी रेघ मारली, दाबून. तिसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. पुढच्या फेरीला खैरवाड्याच्या भिंतीवर होती, तेवढीच दाबून मारलेली.

सहाव्या साली कपाटातल्या अश्विनीच्या कंपासपेट्या दिसेनाशा झाल्या. त्यातल्या एकीचं झाकण अश्विनीच्या पायाखाली येऊन तडकलं होतं.

"कुठे टाकल्यास सगळ्या?"

"तिकडं हायेत."

"तिकडे कुठे?"

"घरी," अश्विनी म्हणाली, आणि मग आईच्या तोंडाकडे पाहून गोंधळली. "म्हणजे... असतील इथेच कुठे."

आता एखादा म्हणेल, बाईने तेव्हाच हात का काढून घेतला नाही? तेही तिने करून पाहिलं. सातव्या साली, दुपारी, तिने करुणाचा फॉर्म उघडला आणि 'मूल उपलब्ध नाही' वर बोट ठेवलं. आता गेली तर जाऊ दे नोकरी. टॅबलेटने कारण विचारलं. एक, गाव सोडले. दोन, नकार. तीन, मृत्यू.

तिने एक निवडलं. निश्चित करा, असं आलं.

आतल्या खोलीत लोखंडी पेटीचं झाकण वाजलं. अश्विनी बाहेर आली. तिच्या हातात कपड्यांचं बोचकं होतं, फडक्यात गाठ मारलेलं. पायात चपला. ती दारात उभी राहिली.

"चाल न मंग," ती म्हणाली.

"कुठे?"

"मले काय मालूम. तू लिहून राहिली ना."

वृषालीचं बोट काचेवर तसंच होतं. तिने ते हळूच उचललं आणि 'मागे जा' वर टेकवलं. अश्विनीने बोचकं खाली ठेवलं, चपला काढल्या आणि भूक लागली म्हणाली. तीन नंबरच्या कारणाकडे वृषालीने परत पाहिलंही नाही. तिने फॉर्म नीट, पूर्ण भरला. उंची, वाचन, गणित. त्या साली करुणाला गणितात गावात सगळ्यात जास्त गुण मिळाले.

आठव्या साली संस्थेचं पत्र आलं. शेवटची फेरी असल्यामुळे प्रत्येक मूल नागपूरचा तपासनीस स्वतः पाहील.

अश्विनीला सांगायला वृषालीने दोन दिवस शब्द जुळवले. "फक्त एका दिवसासाठी," एवढंच तोंडातून निघालं.

"मालूम हाय," अश्विनी म्हणाली. ती वेणी घालत होती.

सकाळच्या बसने दोघी निघाल्या. शनिवार होता, जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी होती. नारळाच्या पिशव्या आणि शेंदराचा वास. बोरगावला दोघी उतरल्या. पुढचा रस्ता पायी होता. अश्विनी या वाटेने कधी आली नव्हती. नाल्यापाशी रस्ता दोन्हीकडे फुटतो, तिथे ती न विचारता डावीकडे वळली.

वृषालीची सगळी तयारी मुलांसाठी होती. करुणा गावी परत आलीय, मोठी झालीय, म्हणून ओळखू येत नाही, वगैरे. ते सांगायची वेळच आली नाही. वर्गात पाय ठेवल्याबरोबर छाया नावाची पोरगी सरकून बसली आणि बाजूच्या जागेवर हात मारला.

"बस. सकाळी पान्याले कावून नाई आली वं?"

"उशीर झाला," अश्विनी म्हणाली आणि बसली.

तपासनीस होता सुमेध, वय तिशीच्या आतलं, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. तो एकेका मुलाला टेबलापाशी बोलवत होता. चोविसावं नाव करुणाचं होतं.

"आईचं नाव?"

"जयवंता."

"बाबा?"

"शालिकराम."

"घरात कोण कोण असतं?"

"मी अन् आजी. माय-बाप सुरतेले गेले, ते आलेच नाई."

यातलं एकही उत्तर वृषालीने पढवलेलं नव्हतं. पोरगी हुशार आहे, फॉर्म पाहिले असतील, असं ती मनात म्हणाली. मग तिला आठवलं, फॉर्ममध्ये आईचं नाव कधीच नव्हतं.

सुमेधने तिला पट्टीशी उभं केलं. एकशे एक्कावन्न. वृषालीने पहाटे चौकटीपाशी घेतलेला आकडाही तोच होता. भिंतीवर करुणाच्या नावाच्या सात रेघा एकीवर एक चढत गेल्या होत्या. न मोजलेल्या चौथ्या सालाचीसुद्धा होती.

"पुढच्या वर्षी तू कुठे असशील?" सुमेधने विचारलं.

"इथंच."

दारात सावली पडली. शांताबाई उभी होती, पदराने तोंड पुसत. "झालं का साहेब? हिले जेवाचा टाइम झाला."

"झालंच, आजी." सुमेधने कागद वृषालीकडे सरकवला. "मॅडम, एक औपचारिकता. पहिल्या वर्षी नोंदवलेली मुलगी ती हीच, एवढं लिहून खाली सही करा. मग चोवीस पूर्ण."

वृषालीने पेन घेतलं.

तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी भिंतीवरच्या रेघा पाहत होती.

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायचं होतं. ही माझी आहे, एवढं एक वाक्य. सुमेधने थांबून ऐकलं असतं, तो ऐकणारा माणूस होता. वृषालीने हिशोब केला. आधी सही. तो गेला की पोरीचा हात धरून बस पकडायची. दहा मिनिटांचा प्रश्न.

तिने लिहिलं. सही केली. तारीख टाकली.

सुमेधची गाडी नाल्यापलीकडे गेल्यावर ती वर्गात आली. पोरीच्या हातात नवी कंपासपेटी होती.

"अशू, चल."

पोरीने वर पाहिलं. सालातून एकदा येणाऱ्या बाईकडे मुलं पाहतात तसं, आदराने, थोडं लांबून.

"पुढच्या साली येसान का मॅडम?"

"अशू, पुरे झालं."

"आता कायच्या येते त्या," शांताबाई म्हणाली. "आठवी झाली न बाई. मोजनं सरलं." तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी चालू लागल्या.

वृषाली मागून गेली. घरापर्यंत. अंगणात कापूस होता, तसाच. आत फळीवर कंपासपेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. पोरीने नवी पेटी त्यांच्या शेजारी ठेवली. ओळीतल्या चौथ्या पेटीचं झाकण तडकलेलं होतं.

"दरसाल देता तुमी," शांताबाई म्हणाली. "तिनं एक बी वापरली नाई. पानी घेता का मॅडम?"

वृषालीने पोरीचं मनगट धरलं आणि ओढलं.

पोरगी ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी खांब धरला.

वृषालीने तिची बोटं सोडवायला घेतली. एक सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं सोडवताना पहिलं परत जागेवर बसलं.

कुंपणापाशी बाया जमल्या. छायाची आई म्हणाली, "मॅडम, काय करून राहिल्या लेकराले?"

कोणी आवाज चढवला नव्हता. वृषालीने हात सोडला.

ती सौंसरला पोचली तेव्हा पाच वाजले होते. शेजारची लीलाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने नेहमीसारखी मान हलवली आणि काही विचारलं नाही. आत अश्विनीच्या कपड्यांची लोखंडी पेटी उघडली तर तिच्यात वृषालीच्या साड्या होत्या, तळापर्यंत.

फोन वाजला. वैभव.

"काय करून राहिली?" त्याने विचारलं. "एकटीसाठी सैपाक करायचा कंटाळा येत असन न."

जानेवारीत नागपूरचं पत्र आलं. खैरवाडा गावाची तिसऱ्या सालानंतरची गळती शून्य, बाईंचं काम उत्तम, रुजू होण्याचा फॉर्म भरून पाठवावा. मधल्या महिन्यांत ती खैरवाड्याला पाच वेळा गेली होती. दोनदा पोरगी शाळेत होती, दोनदा पाण्याला. पाचव्यांदा भगवंतराव गुरुजींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की अभ्यास झाला आहे, आता लेकराच्या मागे लागू नये, लोक बोलतात. जयवंता आणि शालिकराम यांचं काय झालं आणि खांबापासून सोडवून नेलेली ती पहिली पोरगी सुरतेच्या पुढे कुठे राहिली, हे तिथे कोणी विचारत नव्हतं. त्यांची पोरगी गावातच होती.

वैभव त्या दिवशी घरी होता. तो चहा घेत चौकटीला टेकून फॉर्म वाचत होता, कारण तो पोस्टात टाकायचं काम त्याचं होतं. त्याच्या खांद्याच्या खाली दोन निळ्या रेघा होत्या.

"ह्या कोनाच्या आहेत गं?" त्याने सहज विचारलं. "आधीच्या किरायेदाराच्या पोट्टीच्या असन."

त्याने पान उलटलं आणि थांबला. बराच वेळ तो एकाच ओळीकडे पाहत राहिला. मग तिच्याकडे, हळव्या डोळ्यांनी.

"मले बी वाटते असं कधी कधी," तो म्हणाला. "पन फॉर्मवर खोटं नको लिहू वृषाली. ते लोक तपासाले येतेत."

त्याने खिशातलं पेन काढलं, 'अपत्ये' पुढचा एकाचा आकडा जपून खोडला आणि शेजारी नीट लिहिलं. मग संस्थेच्या पत्राची प्रत आणि फॉर्म एकाच लिफाफ्यात घातले. गळती शून्य. अपत्ये शून्य.